कॉलेजातल्या एचआयव्ही प्रतिबंध शिक्षणाचं मूल्यमापन: कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

एचआयव्ही जनजागृतीचे बहुतेक अहवाल एकाच साच्यातले असतात. रॅलीत किती विद्यार्थी आले, पोस्टर स्पर्धेत किती प्रवेशिका आल्या, व्याख्यानाचे फोटो आणि शेवटी ‘कार्यक्रम अत्यंत उपयुक्त वाटला’ असे अभिप्राय. मुलांना आधी काय माहीत होतं, नंतर काय कळलं आणि कोणता गैरसमज तसाच राहिला, यातलं काहीच त्यात सापडत नाही. ते सापडणारही नाही, कारण मूल्यमापनाची आठवण कार्यक्रम संपल्यावर होते. तोपर्यंत ‘आधी’ची नोंद हातातून गेलेली असते आणि ती नंतर कशानेही भरून काढता येत नाही.

नाशिक जिल्ह्यातले रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, रेड रिबन क्लबचे (कॉलेजातल्या एचआयव्ही जनजागृती मंडळाचे) संयोजक, समाजकार्याचे विद्यार्थी आणि आश्रमशाळांत सत्रं घेणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करा. इथे क्रम चुकला की सगळंच चुकतं.

## १. काय बदलायला हवं ते एका कागदावर लिहा

‘जागृती निर्माण करणे’ हे मोजता येणारं उद्दिष्ट नाही. पुढच्या चार गोष्टी वेगळ्या काढा आणि तुमचं सत्र यांतल्या कोणकोणत्या बदलण्यासाठी आहे ते ठरवा.

माहिती: लागण कशी होते, कशी होत नाही, कशी टाळता येते. दृष्टिकोन: एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाशी आपण कसं वागू. वाट: शंका आली तर कुठे जायचं, काय विचारायचं. वागणूक: प्रत्यक्षात काय केलं.

एक-दोन तासांच्या सत्राने पहिल्या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो. चौथीवर होईल अशी अपेक्षा ठेवून अहवाल लिहू नका. ‘आमच्या उपक्रमामुळे एचआयव्हीचं प्रमाण घटलं’ असं तर कोणत्याही कॉलेजने कधीच लिहू नये. साधा हिशोब करून बघा. भारतात १५ ते ४९ वयोगटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. तुमच्या ५०० विद्यार्थ्यांत या हिशोबाने एखादाच येईल. त्यावरून लागण वाढली की कमी झाली हे कोणालाच सांगता येणार नाही.

मोठ्या अभ्यासांनाही ही गोष्ट जड गेली आहे. टांझानियातल्या म्वांझा भागात ‘मेमा क्वा विजाना’ या कार्यक्रमाचं मूल्यमापन २० समुदायांत, साडेनऊ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलामुलींवर झालं. शाळेतलं शिक्षण आणि तरुणांना आपलं वाटेल असं आरोग्य केंद्र, असा तो दुहेरी उपक्रम होता. मुलांची माहिती वाढली, मुलांनी सांगितलेली वागणूकही काही बाबतींत सुधारली. रक्ततपासणीत मात्र एचआयव्हीच्या नव्या लागणीत ठोस घट दिसली नाही. माहिती, तोंडी सांगितलेली वागणूक आणि प्रत्यक्ष लागण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या असतात, हे त्यातून शिकायचं.

पश्चिम केनियातला अनुभव आणखी उपयोगाचा आहे. तिथे ३२८ शाळांमधल्या अभ्यासात संशोधक मुलींच्या तोंडी उत्तरांवर अवलंबून राहिले नाहीत, त्यांनी कमी वयातली गर्भधारणा मोजली. काही शाळांत मुलींना वयाने मोठ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण किती जास्त आहे हे आकड्यांसह सांगितलं होतं. त्या शाळांत किशोरवयीन गर्भधारणा २८ टक्क्यांनी कमी झाल्या. शिक्षकांना सरकारी अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण देऊन ‘संयम पाळा’ एवढाच भर दिला, तिथे असा फरक दिसला नाही. दोन्हीकडे शिकवणं झालंच होतं. कशाचा उपयोग झाला हे कळलं, कारण काय मोजायचं ते आधी ठरलं होतं.

तपासा: तुमच्या कागदावरच्या प्रत्येक उद्दिष्टापुढे ‘हे मी कोणत्या प्रश्नाने मोजणार?’ याचं उत्तर लिहिता येतंय का? येत नसेल तर ते उद्दिष्ट खोडा.

## २. परवानगी, संमती आणि मुलांची सुरक्षितता

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. इथे घाई केली तर एखाद्या मुलाला किंवा मुलीला खरोखर इजा पोचू शकते.

प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या आणि अर्जासोबत प्रश्नावली जोडा. ‘आरोग्यविषयक सर्वेक्षण’ असं मोघम लिहून परवानगी मिळवायची आणि वर्गात कंडोमचे प्रश्न काढायचे, असं केलं तर तो वर्ग तुम्हाला पुन्हा मिळत नाही. आश्रमशाळा असेल तर मुख्याध्यापकांच्या होकारावर थांबू नका. नाशिक किंवा कळवण, ज्याच्या हद्दीत शाळा येते त्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाला पत्र द्या. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला सुरुवातीलाच कळवा. समुपदेशक मिळणं आणि उत्तरांची तपासणी होणं, दोन्ही तिथूनच सोपं होतं.

विद्यार्थी १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा होकार तोंडी आणि त्यावरच्या मुलांचा लेखी घ्यावा. निष्कर्ष शोधनिबंधात छापायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी हवी. नंतर मिळवलेली मंजुरी चालत नाही.

अकरावी-बारावीच्या वर्गात बहुतेक सगळे १८ च्या खालचे असतात, पदवीच्या पहिल्या वर्षातही काही जण असतात. हे लक्षात न घेता वयाने मोठ्यांची प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली जाते. १८ खालच्यांना स्वतःच्या लैंगिक अनुभवाबद्दल विचारूच नका. मूल्यमापनाला त्याची गरज नसते. एखाद्या मुलाने आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल तुम्हाला सांगितलं, तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा कोण काय करणार हे सत्राच्या दिवशी शोधत बसायचं नाही. समुपदेशक कोण, मुलासोबत कोण थांबणार, कोणाला फोन करायचा हे आधीच लिहून ठेवा. प्रत्येक मुलाला घरी नेता येईल अशी चिठ्ठी द्या, तीवर एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक असू द्या.

सावध: ‘तुम्हाला एचआयव्ही आहे का?’ हा प्रश्न कोणत्याही रूपात विचारायचा नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे कोणालाही स्वतःची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेत भेदभाव करणंही बेकायदा आहे. तुमच्या वर्गात जन्मापासून एचआयव्हीसह जगणारा मुलगा किंवा मुलगी बसलेली असू शकते. प्रश्नावलीतली प्रत्येक ओळ तीही वाचणार आहे, हे धरूनच ती लिहा.

## ३. तुलना कोणाशी करणार ते ठरवा

फक्त आपल्याच विद्यार्थ्यांची सत्राआधी आणि नंतर चाचणी घेतली, तर फरक सत्रामुळे पडला की मधल्या काळात रेडिओ, मोबाइल आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमांमुळे, हे कळत नाही. म्हणून ज्यांचं सत्र अजून झालेलं नाही असा एक गट हवा. त्या मुलांना शिक्षणापासून कायमचं दूर ठेवायचं, असा याचा अर्थ नाही. त्यांचं सत्र थोडं उशिरा घ्यायचं, एवढंच.

एकाच कॉलेजला जमण्यासारखा मार्ग असा: सगळ्या वर्गांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्या वर्गांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सत्र, उरलेल्यांना जानेवारीत. चाचण्या दोघांच्याही एकाच वेळी. चिठ्ठ्या खरंच टाका. ‘हुशार वर्ग आधी घेऊ, म्हणजे निकाल चांगला येईल’ असं एकदा झालं की पुढच्या सगळ्या मेहनतीला अर्थ राहत नाही.

चिठ्ठ्या वर्गांच्या काढायच्या, विद्यार्थ्यांच्या नाही. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला सत्र आणि एकाला नाही, असं केलं तर मधल्या सुट्टीत सगळं सगळ्यांना कळतं. दोन कॉलेजांची तुलना असेल तर ती एकाच आवारात नसावीत. सिन्नरहून किंवा इगतपुरीहून रोज एकाच बसने येणाऱ्या मुलांचाही विचार करा.

आता संख्या. एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारे ५० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले, हा फरक खात्रीने पकडायचा तर नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी प्रत्येक गटात साधारण १७० विद्यार्थी लागतात. पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात, कारण शिक्षक तेच आणि गप्पाही त्याच. ४० मुलांचे वर्ग असतील आणि हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.०५ धरलं, तर संख्या जवळपास तिपटीने वाढते, म्हणजे गटागणिक ५०० च्या आसपास, साधारण १३ वर्ग. एवढे वर्ग तुमच्याकडे नसतील तरी मूल्यमापन करा. फक्त ‘सिद्ध झालं’ हा शब्द वापरू नका.

## ४. तारखा नाशिकच्या हिशोबाने लावा

जुलैमध्ये परवानग्या आणि प्रश्नावली. ऑगस्टमध्ये पूर्वचाचणी, म्हणजे सत्राआधीची चाचणी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पहिल्या गटाची सत्रं आणि दोन आठवड्यांच्या आत पहिली उत्तरचाचणी, म्हणजे सत्रानंतरची चाचणी. परीक्षा आणि दिवाळी सोडून जानेवारीत दुसरी उत्तरचाचणी, आणि ती आटोपल्यावरच दुसऱ्या गटाची सत्रं. बारावीच्या वर्गांना जानेवारीनंतर हात लावू नका.

ग्रामीण तालुक्यांत आणखी एक गोष्ट बघावी लागते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीपासून हंगाम संपेपर्यंत सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं निफाड-दिंडोरीकडे कामाला जातात आणि मोठी मुलंही सोबत जातात. जानेवारीत वर्गात नसलेली मुलं बहुतेकदा हीच असतात. घरापासून दूर राहून काम करताना ही माहिती त्यांनाच जास्त लागते. ती गळाली की उरलेल्या मुलांचा निकाल आपोआप बरा दिसतो. म्हणून अशा गावांत दुसरी उत्तरचाचणी छाटणीच्या आधी उरकता येईल का, ते बघा. नाहीच जमलं तर किती आणि कोणत्या गावांची मुलं गळाली ते नोंदवा.

## ५. प्रश्नावली तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चांगली प्रश्नावली दोन पानांची असते आणि २० मिनिटांत भरून होते.

सुरुवात पाच ठरलेल्या प्रश्नांनी करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीविषयीची ‘सर्वंकष माहिती’ अशी मोजतात: दर वेळी कंडोम वापरल्याने लागणीची शक्यता कमी होते, लागण नसलेल्या आणि एकनिष्ठ अशा एकाच जोडीदाराशी संबंध ठेवल्याने ती कमी होते, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, आणि सर्वांत जास्त आढळणारे दोन गैरसमज चुकीचे आहेत हे माहीत असणं. पाचही उत्तरं बरोबर आली तरच ती ‘सर्वंकष’ धरतात. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या २१.६ टक्के स्त्रिया आणि ३०.७ टक्के पुरुष या निकषात बसले. हे प्रश्न ठेवले की तुमच्या आकड्याशेजारी ठेवायला एक आकडा मिळतो. वयोगट वेगळा आहे, हे तिथेच नमूद करा.

बाकीचे प्रश्न तुमच्या सत्रावरून काढा. जे शिकवणार नाही ते विचारू नका. जे शिकवणार आहात त्यातलं अवघड असेल ते नक्की विचारा.

वाक्यरचनेच्या ठरावीक चुका:

‘असुरक्षित संबंधांतून एचआयव्ही होतो.’ ‘असुरक्षित’ म्हणजे काय, हे निम्म्या मुलांना वेगळंच वाटतं. कोणी चोरून भेटणं समजतं, कोणी अनोळखी माणूस. सरळ लिहा: ‘कंडोम न वापरता झालेल्या शरीरसंबंधातून एचआयव्हीची लागण होऊ शकते.’ गावाकडे ‘निरोध’ हा शब्द जास्त ओळखीचा असतो, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘कंडोम किंवा निरोध’ असं लिहा.

‘डास चावल्याने किंवा एकत्र जेवल्याने लागण होते.’ हे दोन प्रश्न आहेत, वेगळे करा.

‘हस्तांदोलनाने एचआयव्ही पसरत नाही.’ नकारार्थी वाक्यापुढे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ असे पर्याय ठेवले की माहीत असलेलं मूलही गोंधळतं.

‘एचआयव्हीग्रस्तांशी आपण चांगलं वागलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं ना?’ यावर कोण नाही म्हणेल? दृष्टिकोन विचारायचा तर प्रसंग समोर ठेवा: ‘तुमच्या वर्गातल्या एका मुलाला एचआयव्ही आहे. तो डबा उघडून तुम्हाला भाजी-पोळी देतो. तुम्ही घ्याल का?’ पर्याय: घेईन, काहीतरी कारण काढून टाळेन, घेणार नाही, सांगता येत नाही. या ‘कारण काढून टाळेन’मध्ये खरी उत्तरं सापडतात.

माहितीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच. तो नसला की मुलं अंदाजाने खुणा करतात आणि पूर्वचाचणीचे गुण फुगतात.

‘वाट’ मोजण्यासाठी एक मोकळा प्रश्न ठेवा: ‘मित्राला एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची आहे, पण भीती वाटते. त्याला काय सांगाल?’ गुण कसे द्यायचे ते आधी ठरवा. सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्र, तपासणी मोफत, नाव गुप्त, आधी आणि नंतर समुपदेशन. प्रत्येक मुद्द्याला एक गुण.

उत्तरपत्रिका, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, आयसीटीसीच्या समुपदेशकाकडून तपासून घ्या. जुन्या पुस्तिकांवरून केलेल्या यादीत चुका राहतात. एचआयव्ही आणि एड्स एक नव्हे. आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही, पण एआरटीच्या (विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या रोज आणि कायम घेणारा माणूस सर्वसाधारण आयुष्य जगतो. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईकडून बाळाला होणारी लागण वेळेवर उपचारांनी बहुतांशी टाळता येते. धोक्याचा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायची २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं असतात. आणि लागण झाल्याझाल्या तपासणीत दिसतेच असं नाही, मध्ये काही काळ जातो. यातलं काहीही यादीत चुकलं असेल तर चूक तुमची आणि गुण मुलाचे जाणार.

भाषेचं काम शेवटी ठेवू नका. मालेगावात उर्दू माध्यमाच्या वर्गांना उर्दू प्रश्नावली लागते. ती उर्दू शिक्षकांकडून करून घ्या आणि दुसऱ्या कोणाकडून परत मराठीत वळवून बघा. पेठ-सुरगाण्यात घरची बोली वेगळी असते, बागलाण-कळवणकडे अहिराणी. तिथे प्रश्नावली मराठीत असली तरी एकेक प्रश्न मोठ्याने वाचून, थांबून घ्या.

तपासा: वर्गात नेण्याआधी आठ-दहा विद्यार्थ्यांकडून ती भरून घ्या. ‘या वाक्याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग’ असं प्रत्येक प्रश्नाला विचारा. दोघे जण अडखळले की वाक्य बदला.

## ६. पूर्वचाचणीचा दिवस

नाव, हजेरी क्रमांक, रोल नंबर काहीही लिहायचं नाही. पण तोच विद्यार्थी नंतरही ओळखता आला पाहिजे, म्हणून प्रत्येकाने स्वतःचा संकेत बनवायचा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतला दिवस आणि मोठ्या भावंडांची संख्या. अक्षर कानामात्रा सोडून घ्यायचं, हे फळ्यावर लिहून दाखवा: मीना असेल तर ‘म’, ज्योती असेल तर ‘ज’, श्रद्धा असेल तर ‘श’. हे दाखवलं नाही तर तीच मुलगी ऑगस्टमध्ये ‘मी’ लिहिते, जानेवारीत ‘म’, आणि तिचे दोन कागद जुळत नाहीत. मोबाइल नंबरचे अंक घेऊ नका, सिम बदलतं.

वर्गशिक्षकांना विनंती करून बाहेर थांबायला सांगा. हे अवघड वाटतं, पण गुण देणारे सर बाकांमधून फिरत असताना कोणीही खरं उत्तर लिहीत नाही. एका बाकावर तिघे बसलेले असतील तर मधल्याला दुसरीकडे हलवा. जागा नसेल तर वर्ग दोन खेपांत घ्या. शेवटी झोप, जेवण, व्यायाम यांबद्दलचे चार-पाच साधे प्रश्न ठेवा, म्हणजे कोणी कागद लवकर संपवून इतरांच्या डोळ्यांत येत नाही. ज्याला भरायचं नाही त्याने कोरा कागद घडी करून बंद पेटीत टाकावा, सगळ्यांसारखाच.

गुगल फॉर्म सोयीचा वाटतो, पण वर्गात मुलं शेजारच्या स्क्रीनवर बघतात, घरी उत्तरं शोधून भरतात आणि ईमेल गोळा होण्याची सोय चुकून चालू राहिली तर गुप्तता संपते. या विषयाला कागद बरा.

सावध: पूर्वचाचणी संपल्यावर मुलं उत्तरं विचारतात. ‘सत्रात बोलू’ एवढंच सांगा. पण कोणाला स्वतःच्या काळजीपोटी विचारायचं आहे असं जाणवलं, तर त्याला थांबवून ठेवू नका, लगेच समुपदेशकाशी गाठ घालून द्या. तुलना गटातल्या मुलांनाही हेच लागू.

## ७. सत्र प्रत्यक्षात कसं झालं ते नोंदवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. नंतर निकाल कमी आला की ‘मुलांनी लक्ष दिलं नाही’ म्हणतात.

एक निरीक्षक मागच्या बाकावर बसवा. त्याच्याकडे विषयांची यादी आणि घड्याळ हवं. कोणता विषय किती मिनिटं, मुलांचे प्रश्न किती, गाळलं काय. लक्ष ठेवायची जागा ठरलेली असते. रक्त, सुई, आई-बाळ या भागांवर वक्ते सविस्तर बोलतात. कंडोमचा भाग आला की आवाज खाली येतो, ‘बाकी तुम्हाला माहीतच आहे’ म्हणतात आणि पुढची स्लाइड येते. निरीक्षकाच्या कागदावर तिथे ‘अर्धा मिनिट’ लिहिलेलं असेल, तर त्या प्रश्नावर निकाल का हलला नाही हे शोधावं लागत नाही.

सत्रात भीतीदायक चित्रं, कवटी, ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असल्या घोषणा होत्या का, हेही नोंदवा. माझं ठाम मत आहे की अशा सत्राचं मूल्यमापन फक्त माहितीच्या गुणांवर करणं अन्यायाचं आहे. गुण वाढतात आणि सोबत ‘डबा घेणार नाही’ म्हणणारेही वाढतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय ते नुकसान दिसत नाही.

निनावी प्रश्नपेटी ठेवली असेल तर चिठ्ठ्या जपून ठेवा. मुलं काय विचारत होती आणि सत्रात काय सांगितलं गेलं, यातलं अंतर त्यांतून स्पष्ट दिसतं.

## ८. उत्तरचाचणी दोनदा घ्या

सत्र संपताच, खुर्चीवरून न उठता घेतलेली चाचणी पाठांतर मोजते. पहिली उत्तरचाचणी एक-दोन आठवड्यांनी घ्या, दुसरी तीन-चार महिन्यांनी. प्रश्न तेच, क्रम बदललेला, दोन्ही गटांसाठी एकाच आठवड्यात. निगराणी पूर्वचाचणीसारखीच: तेच लोक, तीच बैठक, तीच पेटी.

१८ वरच्या विद्यार्थ्यांना वागणुकीबद्दल विचारायचंच असेल तर दोन-तीन प्रश्न पुरे. मित्राशी या विषयावर बोललात का, १०९७ ला फोन केलात का, तपासणी केंद्र कुठे आहे ते शोधलंत का. लैंगिक वागणुकीच्या उत्तरांवर फार भार टाकू नका. मुलगे वाढवून सांगतात आणि मुली लपवतात असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि आधी ‘हो’ लिहिलेले काही जण नंतर ‘कधीच नाही’ लिहितात. अशी विसंगत उत्तरं किती आली ते मोजा. बाकीच्या उत्तरांवर किती विसंबायचं, ते त्यावरून कळतं.

## ९. आकडे मांडा

कागद एक्सेलमध्ये भरताना ‘चूक’, ‘माहीत नाही’ आणि ‘कोरं’ यांना वेगवेगळे क्रमांक द्या. दहापैकी एक कागद दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भरून घ्या आणि जुळवा. मूळ कागद कुलूपबंद ठेवा. वर्गशिक्षकांना द्यायचे नाहीत, कारण आईच्या नावाचं अक्षर आणि जन्मतारीख हजेरीपुस्तकाशी ताडली की मूल ओळखता येतं.

मग निव्वळ बदल काढा. समजा, सत्र झालेल्या गटात बरोबर उत्तरं ४२ टक्क्यांवरून ७१ वर गेली आणि तुलना गटात ४४ वरून ५८ वर. तुमच्या सत्राचा वाटा २९ नाही. २९ मधून १४ वजा करून १५ टक्केबिंदू उरतात. तुलना गट नसता तर हेच १५ चे २९ म्हणून छापले गेले असते.

एकूण सरासरीवर थांबू नका, प्रश्नागणिक तक्ता करा. प्रत्येक प्रश्नासाठी जुळलेल्या कागदांचे चार ढीग होतात: चुकीचं होतं ते बरोबर झालं, बरोबर होतं ते बरोबर राहिलं, चुकीचं तसंच राहिलं, आणि बरोबर होतं ते चुकलं. हा चौथा ढीग कोणी मोजत नाही. वक्त्याने घाईत ‘डासांमुळे मलेरिया होतो, एचआयव्ही रक्तातून होतो’ असं एका दमात सांगितलं, की ज्यांना डासांचं बरोबर माहीत होतं त्यांतलेही काही गडबडतात. चौथा ढीग मोठा असेल तर सत्रातला तो भाग पुन्हा लिहावा लागेल.

न जुळलेले आणि गळालेले कागद टाकून देऊ नका. त्यांचे पूर्वचाचणीचे गुण जुळलेल्यांपेक्षा कमी होते का ते बघा. मुलगे आणि मुली वेगळे मांडा, पण एखाद्या रकान्यात पाचांपेक्षा कमी जण येत असतील तर तो आकडा छापू नका, मूल ओळखू येतं.

## १०. अहवाल लिहा आणि वर्गात परत जा

अहवाल चार पानांचा पुरतो. काय शिकवायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय शिकवलं गेलं, निव्वळ बदल किती, जानेवारीपर्यंत किती टिकला, काय बिघडलं, कोण गळालं. फोटो शेवटी, आणि प्रश्नावली भरतानाचा एकही नको. न हललेला प्रश्न पहिल्या पानावर छापा. पुढच्या वर्षीचं सत्र घेणाऱ्याला सगळ्यात आधी तोच लागणार आहे.

दुसऱ्या गटाची सत्रं सुरू करण्याआधी सत्र घेणाऱ्यांना तक्ता दाखवा आणि जे तीन प्रश्न सर्वांत मागे राहिले, त्यांना सत्रात वेळ वाढवून द्या. मुलांसमोर निकाल मांडताना वर्गांची तुलना करू नका, ‘अमुक वर्ग मागे’ असं म्हणू नका. बरोबर उत्तरांचा एक कागद दोन्ही गटांतल्या प्रत्येकाच्या हातात पडू द्या, त्यावर आयसीटीसी केंद्राचा पत्ता, वेळ आणि १०९७ हा क्रमांक असावा. कागद छापायला टाकण्याआधी त्या केंद्रात स्वतः जाऊन वेळ आणि खोली कुठे आहे ते बघून या.